गर्भपाताचा कायदा कडक झाला की बाईच्या प्रकृतीचे काय होते?

विचारलेला प्रश्न असा आहे: गर्भपातावरचे कायदेशीर निर्बंध वाढवल्याने स्त्रियांचे आरोग्य अधिक सुरक्षित होते का, आणि भारतात पन्नास वर्षांहून अधिक काळ कायदा असूनही असुरक्षित गर्भपातामुळे स्त्रिया का दगावतात? मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी सरकारी रुग्णालयात आणि नंतर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी काम केले आहे, त्यामुळे उत्तर मुख्यतः महाराष्ट्रातल्या अनुभवावरून देते आहे आणि तो अपुरा पडेल तिथे बाहेरच्या देशांचा दाखला घेते आहे.

माझे उत्तर स्पष्ट आहे. निर्बंधांमुळे गर्भपात थांबत नाहीत, त्यांना उशीर होतो. दिवस नको असलेली बाई कुठून ना कुठून वाट काढतेच. ती कितव्या आठवड्यात मोकळी होते, कोणाच्या हातून होते आणि काही बिघडले तर किती लवकर दवाखान्यात पोहोचते, एवढेच कायद्याने बदलते, आणि कायदा जितका धाक दाखवतो तितक्या या तिन्ही गोष्टी बिघडत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ७ कोटी ३० लाख गर्भपात करवून घेतले जातात. त्यांतले सुमारे ४५ टक्के असुरक्षित असतात आणि या असुरक्षित गर्भपातांपैकी ९७ टक्के विकसनशील देशांत होतात.

उशिराला मी एवढे महत्त्व का देते, ते आधी सांगायला हवे, कारण या विषयावर बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आठवड्यांचा हिशेब ठाऊक नसतो. पाळी चुकल्यावर सातव्या-आठव्या आठवड्यात बाई आली, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी काम होते आणि बहुतेक जणींना टेबलावर घ्यावेही लागत नाही. बाराव्या आठवड्यापर्यंत हाताने चालवायच्या निर्वात पंपाने गर्भपिशवी रिकामी करता येते. त्याला थोडा वेळ लागतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. त्यानंतर मात्र चित्र बदलते. पिशवी मोठी आणि तिची भिंत मऊ झालेली असते, रक्तपुरवठा वाढलेला असतो, गर्भाची हाडे तयार होऊ लागलेली असतात. अशा वेळी भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि रक्ताची सोय हाताशी लागते, आणि तालुक्याच्या गावी रक्तपेढी नसेल तर जिल्ह्याच्या गावापर्यंतचा रस्ता हाही उपचाराचाच भाग होतो. अमेरिकेतील १९८८ ते १९९७ या काळातल्या मृत्यूंच्या अभ्यासात असे दिसले की, गर्भपाताशी निगडित मृत्यूचा धोका प्रत्येक वाढत्या आठवड्यागणिक ३८ टक्क्यांनी वाढतो. सुरुवातीला हा धोका अगदी अल्प असतो, पण चक्रवाढीने वाढत गेला की तो अल्प राहत नाही. याच्या जोडीला दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी: त्याच देशातल्या आकडेवारीनुसार बाळंतपणातला मृत्यूचा धोका कायदेशीर गर्भपातातल्या धोक्याच्या सुमारे चौदा पट आहे. म्हणून ‘गर्भपात धोक्याचा, म्हणून बंदी’ हा युक्तिवाद वैद्यकीय पायावर उभा राहत नाही.

असुरक्षित गर्भपात झालेली बाई वॉर्डात येते तेव्हा काय दिसते, हेही एकदा जवळून पाहायला हवे. ताप चढलेला असतो, नाडी धावत असते, ओठ कोरडे पडलेले असतात, अंगावरून जाणाऱ्या रक्ताला वास येत असतो आणि पोटाला ती हात लावू देत नाही. सोबत सासू किंवा जाऊ असते. काय झाले असे विचारले की ठरलेले उत्तर येते: ‘मोरीत पाय घसरून पडले, तेव्हापासून जातंय.’ मग नातेवाइकांना बाहेर पाठवावे लागते, कॉटच्या कडेला बसावे लागते आणि आवाज खाली आणून पुन्हा विचारावे लागते: ताई, गोळ्या घेतल्या का, की कुणी आतून काही केलं? या प्रश्नाचे खरे उत्तर मिळायला कधी अर्धा तास लागतो, तर कधी अख्खी रात्र जाते. उपचार त्या उत्तरावर अवलंबून असतात. आतून काडी किंवा उपकरण घातले असेल तर पिशवीला भोक पडले आहे का, आतड्याला इजा झाली आहे का, हे तातडीने शोधायचे असते, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरत असताना तासांना किंमत असते. ती बाई स्वभावाने खोटे बोलणारी नसते. तिला पोलिसांची आणि घराच्या अब्रूची भीती वाटत असते, आणि त्यातली पोलिसांची भीती निराधार नाही: पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार, स्वतःचा गर्भपात स्वतः घडवून आणणारी स्त्रीही गुन्हेगार ठरते.

बंदीचा परिणाम अख्ख्या देशाच्या पातळीवर मोजायचा तर रोमानियाइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये तिथल्या राजवटीने लोकसंख्या वाढवण्यासाठी फर्मान क्रमांक ७७० काढून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. जन्मदर पुढच्या वर्षी उसळला आणि काही वर्षांत पुन्हा उतरला, कारण बायकांनी चोरवाटा शोधल्या. मातामृत्यू मात्र चढतच गेले. १९८९ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १७० माता मृत्युमुखी पडत होत्या, आणि त्यांतले सुमारे ८७ टक्के मृत्यू गर्भपातामुळे होते. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर लगेच ती बंदी उठवली गेली आणि १९९० या एकाच वर्षात मातामृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. एका वर्षात ना नवी रुग्णालये उभी राहतात, ना डॉक्टर तयार होतात. बदलला होता तो कायदा. दक्षिण आफ्रिकेत १९९६ चा कायदा आल्यानंतरच्या काही वर्षांत गर्भपाताशी निगडित मृत्यू ९१ टक्क्यांनी घटले, हा त्याच गोष्टीचा दुसरा पुरावा.

भारताने हा धडा त्यामानाने लवकर घेतला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. गर्भपाताच्या प्रश्नावर १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री होते. देशात दरवर्षी सुमारे ३९ लाख गर्भपात करवून घेतले जात असावेत, असा त्या समितीचा अंदाज होता, आणि कायदा जवळपास सर्वच गर्भपात गुन्हा मानत असताना हे घडत होते. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. मात्र त्याची रचना नीट पाहावी. या कायद्याने स्त्रीला हक्क दिला नाही. ठरावीक अटी पाळणाऱ्या डॉक्टरला शिक्षेपासून संरक्षण दिले. गुन्ह्याचे कलम तसेच ठेवून त्याला अपवाद जोडला. आजही निर्णय डॉक्टरच्या मतावर अवलंबून आहे, आणि ज्या डॉक्टरच्या डोक्यावर फौजदारी कलम टांगलेले आहे तो स्वाभाविकपणे कायद्याने मागितले आहे त्यापेक्षा जास्त कागद मागतो.

याचे रोजचे उदाहरण म्हणजे नवऱ्याची सही. संमतीसाठी कायद्याने ठरवून दिलेला ‘फॉर्म सी’ आहे. अठरा वर्षांवरील, मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीची एकटीची सही त्यावर पुरते. नवऱ्याच्या सहीचा रकानाच त्यात नाही. तरीही दवाखान्यांमधून सर्रास सांगितले जाते की मालकांना घेऊन या. मालक ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले असतात, किंवा त्यांना कळू द्यायचे नसते, किंवा त्यांच्याच मारहाणीमुळे ती आलेली असते. तिचे तीन आठवडे तिथे जातात आणि गोळ्यांनी होणारे काम टेबलावर जाते. अविवाहित मुलीला तर ‘आमच्याकडे होत नाही’ एवढेच ऐकवले जाते. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याच्या कारणात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे केले, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी असलेल्या २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. कुटुंबाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश यांसारख्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, हेही त्याच निकालात स्पष्ट म्हटले आहे. हा निकाल अजून पुष्कळ दवाखान्यांच्या उंबऱ्यावरच थांबलेला आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

आता महाराष्ट्रातल्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे येते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. २०१२ मध्ये परळीत एका विवाहितेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला आणि गर्भलिंगनिदानाचा सगळा बाजार उघडा पडला. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ येथे होमिओपॅथीची पदवी असलेल्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात एका तरुणीचा असाच जीव गेला आणि तपासात ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंगनिदान करणाऱ्यांवर कठोर कारवाई झालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. पण २०१२ नंतर कारवाईचा रोख गर्भपाताच्या गोळ्या विकणाऱ्या औषध दुकानांकडेही वळला, तपासण्या आणि खटल्यांच्या धास्तीने अनेक दुकानदारांनी त्या गोळ्या ठेवणेच बंद केले, आणि मान्यताप्राप्त केंद्रांतल्या काही डॉक्टरांनीही ‘नको ही कटकट’ म्हणून गर्भपात करणे सोडले.

यातली वैद्यकीय विसंगती सहज ध्यानात यावी अशी आहे. गोळ्यांचा वापर आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच मान्य आहे, तर सोनोग्राफीवर लिंग ओळखता येते ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. म्हणजे नियमाप्रमाणे वेळेत गोळ्या घेणाऱ्या बाईला गर्भ मुलाचा की मुलीचा हे सोनोग्राफीवरून ठाऊक असूच शकत नाही. गोळ्यांची वाट अडवून लिंगनिवडीचा गर्भपात अडत नाही. अडते ती दोन मुलांनंतर पुन्हा दिवस गेलेली आणि तिसरे मूल न परवडणारी बाई. तीच बाई मग चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय, कोणाच्या तरी हातून आलेल्या गोळ्या घेते. किती घ्यायच्या, कशा घ्यायच्या, किती रक्त जाणे स्वाभाविक आहे आणि गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही, उलट रोग कळायला उशीर होतो, हे तिला कोणीही सांगितलेले नसते. नळीतला गर्भ फुटला की पोटात रक्त साचते आणि तिचा जीव काही तासांचा राहतो.

गोळ्या स्वतः धोकादायक आहेत असे मात्र यावरून समजू नये. २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यांतले ७३ टक्के रुग्णालयाबाहेर गोळ्यांनी झाले आणि आरोग्यकेंद्रांत फक्त २२ टक्के, असे एका देशव्यापी अभ्यासात दिसून आले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही सुमारे २७ टक्के गर्भपात स्त्रियांनी स्वतःच घरी केल्याचे नोंदवले आहे. जुन्या काळी काडी आणि झाडपाला वापरून जितक्या बायका मरत होत्या, त्यांच्या तुलनेत आज मृत्यू पुष्कळ कमी आहेत आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या गोळ्यांचे आहे. खरी उणीव माहितीची आणि देखरेखीची आहे, आणि ती दुकानदाराला घाबरवून भरून निघत नाही.

अल्पवयीन मुलींची स्थिती याहून वाईट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला प्रत्येक शरीरसंबंध गुन्हा ठरवला आणि तो कळताच पोलिसांना कळवणे डॉक्टरसह सर्वांवर बंधनकारक केले. बलात्कार झालेल्या बालिकेसाठी ही तरतूद आवश्यक आहे. परंतु महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, आणि सतरा वर्षांची विवाहिता दिवस नकोत म्हणून दवाखान्यात आली की तिच्या नवऱ्यावर आणि सासरच्यांवर गुन्हा दाखल होण्याची वेळ येते. परिणामी ती येतच नाही, किंवा वय वाढवून सांगते, किंवा पाचव्या महिन्यात येते. २०२२ च्या त्याच निकालाने यावर मार्ग दिला आहे: मुलीच्या आणि तिच्या पालकांच्या विनंतीवरून पोलिसांना दिलेल्या माहितीत डॉक्टरने तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. हे ठाऊक असलेले पोलीस ठाणे आणि हे वापरण्याचे धैर्य असलेला डॉक्टर, दोन्ही अजून दुर्मीळ आहेत.

वीस आठवड्यांपुढच्या गर्भपाताबद्दल लोकांच्या मनात सर्वाधिक संकोच असतो. इतका उशीर का केला, असे विचारले जाते. उत्तर बहुधा सोपे असते: गर्भाच्या रचनेची मुख्य सोनोग्राफीच १८ ते २० आठवड्यांत होते, आणि हृदयाचे किंवा मेंदूचे काही दोष त्याही नंतर दिसतात. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळल्यावर, डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. वीस आठवड्यांची मर्यादा उलटल्याने परवानगी नाकारली गेली. कायदा बदलायला त्यानंतर तेरा वर्षे लागली. आता गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर आठवड्यांची मर्यादा नाही, आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे, असा नियम आहे. तरीही जानेवारी २०२३ मध्ये एका स्त्रीला, मंडळाने दोष मान्य करूनही दिवस फार झाले म्हणून नकार दिल्यामुळे, तेहेतिसाव्या आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे लागले. निर्णयाचा अधिकार तिचा आहे, मंडळाचा नाही, असे न्यायालयाने सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई परिसरातल्या चौदा वर्षांच्या एका अत्याचारपीडित मुलीचे प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे परवानगी मिळाली, पण तोवर गर्भ इतका वाढला होता की पालकांनी मुलीच्या जिवाच्या काळजीने विचार बदलला आणि न्यायालयाला आदेश मागे घ्यावा लागला. प्रक्रियेत गेलेल्या आठवड्यांनी तिथे निवडीचा अर्थच संपवला.

कायद्याच्या धाकाने डॉक्टरचा हात कसा थांबतो, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण बेळगावशी नाते असलेले आहे. सविता हलप्पनवार या दंतवैद्य होत्या, आईवडील बेळगावचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे येथे सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भपात आपोआप सुरू झाला, पाणमोट फुटली, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले. त्यांनी आणि पतीने पिशवी रिकामी करण्याची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू असेपर्यंत तिथल्या कायद्यामुळे ते करता येणार नाही, असे सांगण्यात आले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चौकशीत संसर्गाची लक्षणे वेळीच न टिपल्याचेही ताशेरे आहेत, आणि ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजेत. पण हृदयाचे ठोके थांबण्याची वाट पाहण्यावर अवाजवी भर दिला गेला, हाही त्या चौकशीचाच निष्कर्ष आहे. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या जनतेने ६६.४ टक्के मतांनी गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ च्या निर्बंधांनंतर डॅलसच्या दोन रुग्णालयांत, बावीस आठवड्यांच्या आत अशीच गुंतागुंत झालेल्या २८ स्त्रियांची नोंद ठेवली गेली. जिवाला तात्काळ धोका दिसेपर्यंत सरासरी नऊ दिवस वाट पाहावी लागली आणि ५७ टक्के स्त्रियांना गंभीर इजा झाली; जिथे असे निर्बंध नाहीत तिथे हे प्रमाण ३३ टक्के होते.

मग कायद्यात काहीच अटी नसाव्यात का? डॉक्टर प्रशिक्षित असावा, केंद्रात किमान सोयी असाव्यात, पुढच्या महिन्यांतले गर्भपात रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावेत, हे नियम जीव वाचवतात आणि ते राहायला हवेत. जी अट कोठे आणि कोणी याबद्दल आहे ती आरोग्याची; जी अट बाईने कोणाची परवानगी आणावी याबद्दल आहे ती केवळ आठवडे वाया घालवते. म्हणूनच फौजदारी कलमातून स्त्रीला तरी पूर्णपणे वगळावे, असे माझे ठाम मत आहे.

हे वाचणाऱ्या स्त्रीसाठी काही गोष्टी. पाळी चुकली की थांबू नका. लघवीची तपासणी करून पहिल्या काही दिवसांतच उपजिल्हा रुग्णालयात, सिव्हिलमध्ये किंवा मान्यताप्राप्त खासगी केंद्रात जा. तुमची सही पुरते. तुमची नोंद गोपनीय ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती फोडणाऱ्याला शिक्षा आहे. गोळ्या घेतल्यानंतर सलग दोन तास तासाला दोन पॅड भिजत असतील, चक्कर येत असेल, एका बाजूला किंवा खांद्यात तीव्र दुखत असेल, दुर्गंधी येत असेल किंवा ताप उतरत नसेल, तर रात्र असली तरी निघा आणि काय घेतले, काय केले ते डॉक्टरला खरे सांगा. जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागत असेल तर कायद्याच्या कलम ५ नुसार आठवड्यांची मर्यादा, दुसऱ्या डॉक्टरचे मत आणि मान्यताप्राप्त जागेची अट यांपैकी काहीही आड येत नाही. ‘आधी कागद आणा’ असे कोणी म्हटले तर हे कलम त्यांच्यासमोर ठेवा.